दीड महिन्याच्या डोसाला आईसाठीही एक खुर्ची ठेवा

मुंबईतल्या प्रसूतिगृहांतल्या डॉक्टरांना, सिस्टरांना, नर्सिंग होमवाल्यांना आणि मुख्य म्हणजे बाळांच्या लसीकरणाच्या टेबलावर रजिस्टर उघडून बसणाऱ्या ताईंना,

नमस्कार.

मी भांडुप पश्चिमेला राहते, टेकडीवरच्या एका चाळीत. दादरला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम, नवरा, सासूबाई, दोन मुलं, आणि डायबिटीसच्या मेटफॉर्मिनची एक गोळी सकाळी एक रात्री. ही गोळी कधीच लागली नसती असं मी म्हणत नाही, आमच्या बाबांनाही शुगर होती, येणारच होती कधीतरी. पण मधली चार वर्षं मी शुगर घेऊन फिरत होते आणि मला पत्ताच नव्हता, हे पत्र त्या चार वर्षांबद्दल आहे.

पहिल्या वेळी दिवस गेले ते २०१७ साली. पहिल्या भेटीत रक्त घेतलं त्यात उपाशीपोटीची शुगर तेवढी होती, ८४ आली, सगळे खूश. मग दिवाळी झाली, फराळ झाला, आणि सव्विसाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या ते ग्लुकोजचं पाणी पिऊन टेस्ट करायची आहे, मेडिकलमधून पावडर घेऊन या. मी गेले, पावडर आणली, तिथल्या मुलीने ती ग्लासात ओतली नि चमच्याने ढवळून दिली, किती ग्रॅम वगैरे काही मोजलं नाही, आणि म्हणाली एका दमात प्या. दोन तासांनी रक्त. आकडा १५८. डॉक्टर म्हणाल्या जीडीएम आहे, म्हणजे गरोदरपणातला डायबिटीस, घाबरू नका, गोड बंद, भात कमी, जेवल्यावर चाला. चालायचं तर आम्हाला वेगळं काही करावं लागत नाही, आमची चाळ इतकी वर आहे की दूध आणायला उतरून परत चढलं की झालाच व्यायाम. जेवणानंतर दोन तासांची शुगर १२० च्या आत पाहिजे होती, ती यायला लागली, इन्शुलिन लागलं नाही. मी कौतुकाची पेशंट होते म्हणा ना.

आठव्या महिन्यात माहेरी चिपळूणला गेले, पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुलगा झाला, दोन किलो नऊशे. तिथल्या मावशींनी हसत हसत सांगितलं, "वार पडली की साखर पण पडते गं, आता खा लाडू." आणि मी खाल्ले. डिंकाचे खाल्ले, अळिवाचे खाल्ले, आईने खारीक-खोबऱ्याचे केले ते पण खाल्ले.

मावशींचं अर्धं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे होतं असं की वारेतून जे हार्मोन निघतात ते आईच्या इन्शुलिनला नीट काम करू देत नाहीत, बाळाकडे साखर जात राहावी म्हणून शरीराचीच ती सोय. ज्या बाईचं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन काढून भागवतं तिला काही होत नाही, जिचं कमी पडतं तिची शुगर चढते. वार पडली की ते हार्मोन संपतात आणि बहुतेकींची शुगर खरंच उतरते. पण कमी पडलेलं स्वादुपिंड तर तिथेच असतं ना, ते कुठे वारेबरोबर जातं. एकदा जीडीएम झालेल्या बाईला पुढे कायमचा डायबिटीस होण्याची शक्यता न झालेल्या बाईपेक्षा सात पटीने जास्त, हे लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या मासिकात २००९ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद करून छापलंय. म्हणूनच केंद्र सरकारच्या गाइडलाइनमध्ये (२०१४ ची, २०१८ ला सुधारलेली) स्पष्ट लिहिलंय की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईला परत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासा.

सहा आठवड्यांनी. म्हणजे दीड महिन्याने. आता ही तारीख जरा आमच्या बाजूने बघा. तेव्हा बाई असते कुठे? माहेरी असते. सव्वा महिना नुकताच झालेला असतो, शेक-शेगडी चालू असते, रात्रीची झोप नसते, आणि तिचा मुंबईचा डॉक्टर तिच्यापासून अडीचशे किलोमीटरवर असतो. ज्या डॉक्टरने बाळंतपण केलं त्याच्याकडे तिची जुनी फाइल नसते. ज्याच्याकडे फाइल आहे त्याच्या हिशेबी ती बाळंत होऊन मोकळी झालेली असते. माझ्या डिस्चार्ज कार्डावर एका कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरात जीडीएम असं लिहिलेलं होतं, तीनच अक्षरं, सहा आठवड्यांबद्दल एक ओळ नाही. मे महिन्यात मी भांडुपला परत आले तेव्हा ते कार्ड बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीत तळाला होतं.

पण त्याच पिशवीत वरती काय होतं माहितीये? बाळाचं लसीचं कार्ड. प्लास्टिकच्या कव्हरात घालून, सेफ्टी पिन लावून. दीड महिन्याचा डोस चिपळूणला, अडीच महिन्याचा चिपळूणला, साडेतीन महिन्याचा इकडे भांडुपला, नऊ महिन्यांचा गोवराचा, एकही तारीख चुकली नाही हो. भर पावसात चुकली नाही, घरात लग्न होतं तेव्हा चुकली नाही. एकदा मला बरं नव्हतं तर सासूबाई घेऊन गेल्या, आणि आमच्या वस्तीतल्या आरोग्य सेविका ताई घरी येऊन विचारून गेल्या, डोस झाला का. बाळाला विचारायला माणूस घरापर्यंत येतो. मी दारात उभी राहून बोलत होते त्यांच्याशी, मला कोणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही विचारावं, मला वाटत होतं संपलं ते.

२०२२ ला परत दिवस गेले. आठव्या आठवड्यात गेले डॉक्टरकडे, या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, त्यांनी पहिल्याच भेटीत ग्लुकोजचं पाणी दिलं. दोन तासांची शुगर २३६. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, ७.४. त्या म्हणाल्या हा गरोदरपणातला डायबिटीस नाही, हा आधीपासूनचा आहे, मधल्या काळात तपासलं होतं का कधी? मी म्हटलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं.

गरोदरपणात चढलेली शुगर आणि आधीपासून असलेली शुगर यात फरक काय, तर वेळेचा. जीडीएम बहुतेक वेळा अर्धा काळ उलटल्यावर वर येतो, तोवर बाळाचे अवयव तयार झालेले असतात, मग धोका असतो तो बाळ अवाढव्य वाढण्याचा. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन मात्र जात नाही, मग बाळ स्वतःचंच इन्शुलिन काढत सुटतं, खांदे-पोट भरतं, बाळंतपणात खांदा अडकू शकतो, आणि नाळ कापल्यावर बाहेरून येणारी साखर बंद पण बाळाचं इन्शुलिन चालूच, त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची शुगर धाडकन खाली येऊ शकते. हे सगळं सांभाळता येतं. पण आधीपासूनची शुगर असेल तर ती पहिल्या आठ आठवड्यांत असते, जेव्हा बाळाचं हृदय, पाठीचा कणा बनत असतो आणि बाईला दिवस गेलेत हेच धड कळलेलं नसतं. माझे ते आठ आठवडे गेलेले होते. अॅनॉमली स्कॅनच्या, म्हणजे बाळात काही दोष नाही ना ते बघायच्या सोनोग्राफीच्या दिवशी, आणि मग बाळाच्या हृदयाचा वेगळा स्कॅन केला त्या दिवशी, मी काय अवस्थेत होते ते लिहीत नाही. मुलगी ठणठणीत आहे. आत्ता माझ्या शेजारी बसून खडूने भिंत रंगवतेय.

दीड महिन्याला तपासलं असतं तर काय झालं असतं? कदाचित नॉर्मल आली असती, किंवा १४० ते १९९ मध्ये कुठेतरी, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. नॉर्मल आली तरी निदान दर वर्षी तपासायचं हे डोक्यात बसलं असतं आणि दुसऱ्या मुलाचा विचार करायच्या आधी शुगर आटोक्यात आणता आली असती. एवढंच. पण हे एवढंच फार मोठं आहे.

आता कोणी म्हणेल एका बाईची गोष्ट आहे. एका बाईची नाहीये. सरकारी गाइडलाइनच म्हणते की आपल्या देशात शंभरातल्या साधारण १० ते १४ गरोदर बायकांना हे होतं. तामिळनाडूत डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या टीमने गावोगाव केलेली पाहणी २००८ ला छापून आली, तिच्यात शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ आणि खेड्यात ९.९ टक्के होते. शहर वाढलं की आकडा वाढतो, आणि मुंबईपेक्षा शहर म्हणजे अजून काय असणार. उशिरा लग्नं, उशिरा मुलं, दोन-दोन तास लोकलमध्ये, स्टेशनवर वडापाव, रात्री दहाला जेवण. तुमच्या ओपीडीत बाकावर दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या एकीला तरी हे आहे असं समजूनच चला.

आणि जाडी असेल तिलाच होतं हे डोक्यातून काढा, प्लीज. मी लग्नात अठ्ठेचाळीस किलोची होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं वर्षानुवर्षं बघितली, त्यात दिसलं की आपली बाळं वजनाला कमी असतात पण अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, बारीक पण चरबीदार. त्यामुळे बाळ तीन किलोच्या आत आहे म्हणजे शुगरचा काही परिणाम नाही, हे इकडे चालत नाही. माझ्या २.९ च्या बाळाकडे बघून सगळे निवांत झाले होते.

अजून एक घोळ आहे तो पण सांगते कारण त्यात बाई भरडली जाते. टेस्ट दोन प्रकारच्या आहेत. सरकारी पद्धत म्हणजे डिप्सीची (गरोदरपणातल्या डायबिटीसवर काम करणारा आपल्याकडच्या डॉक्टरांचा गट), खाऊन आलात तरी चालेल, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, दोन तासांनी एकदाच रक्त, १४० किंवा वर गेली की जीडीएम. दुसरी आंतरराष्ट्रीय पद्धत, उपाशी यायचं, तीन वेळा रक्त, उपाशीपोटी ९२, एक तासाला १८०, दोन तासाला १५३, यातलं एक जरी गाठलं तरी जीडीएम. माझ्या जावेची दोन तासांची आली १४६. मुंबईच्या डॉक्टर म्हणाल्या जीडीएम आहे, पथ्य करा. ती गेली साताऱ्याला माहेरी, तिथे त्यांनी दुसऱ्या पद्धतीने केली, ८६, १६२, १४६, आणि म्हणाले काही नाही, सगळं नॉर्मल. आता तिने काय करायचं? तिने अर्थातच जे ऐकायला बरं वाटलं ते ऐकलं.

कुठली पद्धत बरोबर यावर मोठमोठे डॉक्टर भांडतात, मी कोण सांगणारी. पण नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार बायकांवर जो हापो नावाचा अभ्यास झाला, २००८ चा, त्यातून एवढं कळलं की शुगर जशी वाढते तसा धोका हळूहळू वाढत जातो, अमुक आकड्याच्या खाली सुरक्षित आणि वर धोका अशी काही पांढरी रेघ नाहीये. मग निदान जो आकडा आला तो आणि टेस्ट कुठल्या पद्धतीने केली ते तरी कार्डावर नीट लिहा. नुसतं "जीटीटी नॉर्मल", म्हणजे ग्लुकोजची टेस्ट नॉर्मल, एवढंच लिहू नका. पुढचा डॉक्टर वेगळ्या गावातला असणार आहे हे धरूनच लिहा.

मला स्वतःला विचाराल तर गोवंडीहून, मालवणीहून, दिव्याहून येणाऱ्या बाईसाठी डिप्सीचीच बरी. उपाशी या म्हटलं की ती पहाटे उठून घरातल्यांचे डबे करून स्वतः काही न खाता गर्दीत चढते, चक्कर येते, किंवा चहा-बिस्कीट खाऊन येते आणि तुम्ही तिला परत पाठवता, एक खाडा फुकट, आणि ती परत येत नाही. खाऊन आलीस तरी चालेल, आजच करू, हे ऐकलं की ती बसते. फक्त पावडर मोजून द्या हो. दुकानातल्या डब्यातले चार चमचे म्हणजे ७५ ग्रॅम नव्हेत. पाच-दहा मिनिटांत घोट घोट प्यायलं तरी चालतं हे सांगा, एका दमात प्यायला लावून ती ओकते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत, नंतर झाली तर टेस्ट चालू ठेवायची, हे गाइडलाइनमध्येच आहे पण टेबलावरच्या मुलीला माहीत नसतं. आणि त्या दोन तासांत तिला बसायला जागा द्या. माझ्या शेजारची बाई, टेस्ट चालू असताना, खाली जाऊन समोसा खाऊन आली होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की खायचं नाही.

तर मागणी काय आहे माझी. दोनच गोष्टी आहेत तशा.

पहिली, पाचव्या महिन्यातच विचारा, "माहेरी कधी जाणार?" शुगरची एक टेस्ट पहिल्या भेटीत आणि दुसरी २४ ते २८ आठवड्यांत करायची असते आणि आमचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण नेमकं त्याच सुमाराला येतं. ओटी भरली, फोटो काढले, बाई दुसऱ्या दिवशी गाडीत. तुमच्या रजिस्टरमध्ये ती "आली नाही" म्हणून राहते, तिकडच्या रजिस्टरमध्ये ती अजून आलेलीच नसते. तारीख आधी विचारून टेस्ट त्याच्या आधी उरका आणि आकडे हातात लिहून द्या.

दुसरी आणि महत्त्वाची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते, २०१६ पासून, चांगली गोष्ट आहे. बाळंतिणीसाठी अशी तारीख नाही. पण खरं तर आहे, फक्त ती बाळाच्या नावावर आहे. दीड महिन्याचा डोस. राष्ट्रीय लसीकरणात पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस सहाव्या आठवड्यात असतो आणि गाइडलाइनप्रमाणे आईची शुगरची टेस्टही सहाव्या आठवड्यात. हा योगायोग कोणाच्या लक्षात कसा नाही येत? ज्या दिवशी आई बाळाला घेऊन स्वतःहून तुमच्या दारात येणारच आहे, मग ते भांडुप असो नाहीतर चिपळूण, त्याच दिवशी तिला ग्लुकोजचं पाणी द्या. लसीनंतर अर्धा तास तसंही थांबवता, अजून दीड तास थांबेल, अंगावर पाजत बसेल. ही टेस्ट उपाशीपोटी आणि दोन तासांनी अशी दोनदा रक्त घेऊन करतात, त्यामुळे जीडीएमवालीला सकाळी पहिला नंबर द्या, पाजणारी बाई अकरापर्यंत उपाशी ठेवायची नसते.

आणि हे लक्षात राहण्यासाठी सॉफ्टवेअर वगैरे काही नको. एक रबरी शिक्का करा. "आईची शुगर तपासा." ज्या बाईला गरोदरपणात शुगर होती तिला डिस्चार्ज देताना तो शिक्का तिच्या कार्डावर नको, बाळाच्या लसीच्या कार्डावर मारा, दीड महिन्याच्या रकान्याच्या शेजारी. तिचं कार्ड हरवेल. बाळाचं नाही हरवणार, तुम्हाला खोटं वाटत असेल तर मुंबईतल्या कुठल्याही घरात जाऊन दोन्ही कार्डं मागून बघा, कुठलं आधी सापडतं ते.

घरच्यांनाही त्याचा उपयोग होईल. आईची शुगर म्हटलं की सासरी तोंडं वाकडी होतात, आधीच सांगितलं नव्हतं का वगैरे सुरू होतं. बाळाच्या कार्डावर लिहिलंय म्हटलं की कोणी काही बोलत नाही, मुकाट्याने घेऊन येतात.

माझी नणंद गेल्या महिन्यात बाळंत झाली, तिचं माहेर म्हणजे आमचंच घर. तिला इन्शुलिन होतं शेवटचे दोन महिने, सासूबाई रोज म्हणायच्या ते बाळाला लागेल, मी रोज सांगायचे वारेपलीकडे जात नाही ते. डिस्चार्ज कार्ड बघितलं, सहा आठवड्यांची ओळ याही वेळी नाही. शिक्का माझ्याकडे नाहीये म्हणून मी बॉलपेनने बाळाच्या कार्डावर लिहून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात डोस आहे. मी अर्धी रजा टाकलीय, ७५ ग्रॅमचं मोजलेलं पाकीट आणि तीनशे मिलीची खूण केलेली बाटली घेऊन तिच्याबरोबर येतेय, सकाळी आठला. दोन तास बसू आम्ही. लॅब उघडी ठेवा.

तुमची,
भांडुपची एक आई